तिजोरीची किल्ली आणि संगणकाची स्मृती



व्यापारी घरातील मुलाला हिशेब शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवली जाते. तिजोरी कितीही भक्कम असली, तरी तिची किल्ली कुठे आहे आणि कोणाच्या हाती आहे, हे मालकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांनी हा नियम कटाक्षाने पाळला. मात्र गेल्या काही वर्षांत पेढीवरच्या वह्या संगणकात गेल्या, बँक संगणकात गेली, करांची विवरणपत्रे संगणकात गेली, आणि या सर्वांच्या किल्ल्या कुठे आहेत, असा प्रश्न विचारला तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : ‘ते संगणकाला आपोआप लक्षात असते.’

हे ‘आपोआप लक्षात असणे’ म्हणजे नेमके काय, आणि ते एके दिवशी नाहीसे झाले तर काय करावे, याविषयी या वेळी लिहावयाचे आहे. निमित्त घडले ते आमच्या एका स्नेह्यांच्या कापडाच्या घाऊक पेढीवर.

या पेढीचे मुनीम गेली एकतीस वर्षे तेथे होते. हाताने रोजमेळ लिहिण्याच्या काळापासून १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेथपर्यंत आणि त्यानंतरही, पेढीचे सर्व कागद त्यांच्याच हातून गेले. शेठजी त्यांना ‘मुनीमजी’ म्हणत, घरातील मुले ‘मुनीमकाका’. अचानक हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पेढी दोन दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा शेठजींच्या चिरंजीवांनी मुनीमकाकांच्या संगणकापुढे बसून पाहिले, तर सुरुवातीचाच पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. संगणक जुना झालाच होता. दुरुस्ती करणाऱ्याने सल्ला दिला, नवा घ्या. नवा आला, जुना कोपऱ्यात भंगाराच्या पोत्याशेजारी गेला. नव्या संगणकावर जीएसटीचे पोर्टल उघडले आणि मग लक्षात आले की, पूर्वी ज्या चौकटी आपोआप भरून यायच्या, त्या आता रिकाम्या आहेत.

तारीख होती १७. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी ची अंतिम तारीख २०. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. रक्कम मोठी नव्हती. परंतु ज्या पेढीने आजवर एकही तारीख चुकवली नव्हती, त्या पेढीच्या शेठजींना ती रात्र झोप लागली नाही. ‘पासवर्ड विसरलात का’ या दुव्यावर गेले, तर ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो क्रमांक घरातील कोणाचाच नव्हता. तो मुनीमजींचा स्वतःचा होता. नोंदणीच्या दिवशी घाईत तोच लिहिला गेला होता, आणि ई-मेलही त्यांचाच.

चिरंजीव म्हणाले, “मी काकांच्या घरी जाऊन फोन घेऊन येतो.” शेठजींनी मान हलवली. “अजून तेरावा झालेला नाही. त्या घरात ओटीपी मागायला जायचे नाही.”

मग त्यांनी आम्हांस बोलावले.

हरवले आहे, की दिसत नाही?

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी एक सर्वसाधारण गोष्ट सांगणे जरूर आहे. ब्राउझरमधील पासवर्ड ‘गेले’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ते गेलेले नसतात, आपण चुकीच्या कपाटात शोधत असतो. क्रोम किंवा एज या ब्राउझरांत वरच्या बाजूला गोल चित्र असते. एकाच संगणकावर मालकाचे, मुलाचे आणि लेखनिकाचे असे तीन वेगळे प्रोफाइल असू शकतात, आणि प्रत्येकाची पासवर्डांची यादी स्वतंत्र असते. कधी आपण ‘गेस्ट’ म्हणून शिरलेले असतो, कधी गूगलचे खातेच बदललेले असते. कधी संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, त्यामुळे चौकट आपोआप भरत नाही. मात्र सेटिंग्जमधील पासवर्डांच्या यादीत जुन्या पत्त्याखाली नोंद शाबूत असते. म्हणून प्रथम यादी उघडावी आणि तेथे नावाने शोधावे.

कधी दोष आपला नसतोच. जुलै २०२४ मध्ये विंडोजवरील क्रोमच्या १२७ क्रमांकाच्या आवृत्तीत एक दोष शिरला आणि जगभरातील पुष्कळ लोकांना आपले साठवलेले पासवर्ड सुमारे अठरा तास दिसेनासे झाले. ते पुसले गेले नव्हते. दोष दूर झाल्यावर पुन्हा दिसू लागले. ज्यांनी त्या अठरा तासांत घाबरून सारे काही काढून नव्याने बसवले, त्यांनी आपले श्रम मात्र वाढवून घेतले. तात्पर्य, पहिला उपाय म्हणजे हात आवरणे.

ज्यांनी ब्राउझरमध्ये गूगलच्या खात्याने प्रवेश करून ‘सिंक’ चालू ठेवले आहे, त्यांच्या पासवर्डांची प्रत गूगलकडेही असते. दुसऱ्या कोणत्याही संगणकावर त्याच खात्याने गूगलचा पासवर्ड मॅनेजर उघडला की यादी समोर येते. परंतु येथे एक सावधगिरी हवी. सिंकमुळे साठवलेले जसे सर्वत्र जाते, तसे पुसलेलेही सर्वत्र पुसले जाते. संगणकावरील यादी कोणी चुकून पुसली असेल, तर आपल्या फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे. फोनने ती आज्ञा अद्याप घेतली नसेल, तर जुनी यादी तेथे पाहून हाताने उतरवून घेता येते.

दोन ब्राउझर, दोन रीती

आता पेढीकडे वळू. मुनीमजींच्या पेढीवर सिंक नव्हते. त्यांना ते पसंत नव्हते, आणि त्यांचे तसे मानणे अगदीच चुकीचे होते असे नाही. जे काही होते ते त्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर होते, आणि ती डिस्क भंगारवाल्याची वाट पाहत होती.

आम्ही ओळखीच्या एका तंत्रज्ञास सोबत घेतले. त्याने डिस्क बाहेर काढली आणि यूएसबीच्या पेटीत बसवून नव्या संगणकाला जोडली. डिस्क चालू होती, तिच्यावर काही नवे लिहिले गेलेले नव्हते, हे मोठे भाग्य. प्रथम त्याने मुनीमजींचा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवून घेतला. जुन्या दस्ताला हात लावण्यापूर्वी त्याची नक्कल करावी, हा आपल्या वडिलांचा नियम येथेही तितकाच खरा आहे.

मुनीमजी दोन ब्राउझर वापरत. बँकेची आणि माल पुरवणाऱ्या गिरण्यांची कामे क्रोमवर, आणि करांची कामे जुन्या सवयीने फायरफॉक्सवर. दोन्हींची पासवर्डांची वही आमच्या हाती आली. एक उघडली, दुसरी उघडली नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

फायरफॉक्स आपली वही दोन फाइलींत ठेवतो. ‘लॉगिन्स डॉट जेसन’ या फाइलीत पासवर्ड सांकेतिक लिपीत असतात आणि ‘की फोर डॉट डीबी’ या फाइलीत ती लिपी उलगडण्याची किल्ली असते. दोन्ही फाइली एकाच प्रोफाइल फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असतात. म्हणजे पेटी आणि किल्ली एकाच कपाटात. जुन्या डिस्कवर ‘युजर्स’ या फोल्डरात वापरणाऱ्याच्या नावाखाली ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘मोझिला’, ‘फायरफॉक्स’, ‘प्रोफाइल्स’ अशा पायऱ्या उतरत गेले की तो फोल्डर सापडतो. ‘ॲपडेटा’ लपवलेला असल्यामुळे लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आधी निवडावा लागतो. नव्या संगणकावरील फायरफॉक्सच्या ‘हेल्प’ मेनूत ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ निवडले की नवा प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटण मिळते. तो उघडावा, फायरफॉक्स पूर्णपणे बंद करावा, आणि जुन्या दोन्ही फाइली एकत्रच तेथे ठेवाव्यात. एकच ठेवली तर उपयोग नाही, कारण दुसऱ्या पेटीची किल्ली या पेटीला लागत नाही.

फायरफॉक्स पुन्हा सुरू केला. यादीत ४३ नोंदी होत्या. जीएसटी होते, आयकर होते, व्यवसायकर होता. शेठजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

क्रोमची रीत वेगळी आहे. त्याची वही ‘लॉगिन डेटा’ नावाच्या फाइलीत असते आणि तिची किल्ली ‘लोकल स्टेट’ नावाच्या फाइलीत. पण ती किल्ली स्वतःच विंडोजने कुलूपबंद केलेली असते. ते कुलूप त्या संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या खात्याशी आणि त्याच्या विंडोजच्या पासवर्डाशी बांधलेले असते. म्हणून क्रोमच्या फाइली नव्या संगणकावर उतरवल्या तरी पासवर्ड वाचता येत नाहीत. यादी असते, पण मुकी असते. एजचीही मूळ घडण क्रोमसारखीच असल्याने तेथेही हाच अनुभव येतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. विंडोजचा पासवर्ड आपण स्वतः, जुना पासवर्ड देऊन बदलला, तर विंडोज आतील कुलूपही त्याबरोबर बदलून घेते आणि काही बिघडत नाही. परंतु जे खाते केवळ त्या संगणकापुरते आहे, त्याचा पासवर्ड कोणा तंत्रज्ञाने जुना ठाऊक नसताना बाहेरून जबरदस्तीने बदलला, तर ते आतील कुलूप जुन्याच पासवर्डावर राहते आणि साठवलेले पासवर्ड आत अडकतात. व्यवस्थापकाच्या खात्यातून पासवर्ड बदलताना विंडोज तशी सूचना देतेही, पण घाईत तिच्याकडे पाहतो कोण? अशा वेळी जुना पासवर्ड आठवला किंवा एखाद्या डायरीत सापडला, तर तोच पुन्हा लावून पाहावा. कुलूप उघडण्याची शक्यता असते. मात्र तोपर्यंत क्रोम उघडू नये. जुनी किल्ली वाचता आली नाही की तो स्वतःसाठी नवी किल्ली तयार करतो, आणि मग जुन्या पासवर्डाचाही उपयोग होत नाही. म्हणून येथेही आधी नक्कल, मग प्रयोग.

मुनीमजींच्या विंडोजचा पासवर्ड अखेरपर्यंत सापडला नाही. क्रोममधील वही बंदच राहिली. त्यातील बहुतेक खात्यांना मात्र शेठजींचा मोबाइल जोडलेला होता, त्यामुळे एका दुपारी एकेक करून सर्व पासवर्ड नव्याने बनवता आले. विवरणपत्र १९ तारखेला सायंकाळी भरले गेले.

भंगारात गेलेली तिजोरी

काम झाले म्हणून आम्ही निश्चिंत झालो नाही. जी सोय आमच्या कामी आली, तीच दुसऱ्याच्या हाती किती घातक ठरली असती, याचा विचार करावा. फायरफॉक्सला ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नव्हता, म्हणून तर आमच्यासाठी यादी उघडली. ती डिस्क भंगारवाल्याकडे गेली असती, तर तेथून ज्याच्या हाती पडती त्याच्यासाठीही तशीच उघडली असती. किल्ली आत ठेवून तिजोरी विकण्यासारखेच ते झाले असते. जुना संगणक विकताना, दान देताना किंवा भंगारात टाकताना त्याची डिस्क काढून घ्यावी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान ती जाणकाराकडून पूर्णपणे पुसून घ्यावी.

प्रायमरी पासवर्ड लावला तर ही भीती उरत नाही. पण तो विसरला तर तो परत मिळवण्याची सोय नाही. तो नव्याने लावायचा म्हटले की साठवलेले सर्व पासवर्ड पुसले जातात. प्रत्येक कुलपाची हीच कथा आहे. जे चोराला कठीण, ते विसराळू मालकालाही कठीण.

दुसरी सावधगिरी अधिक गंभीर आहे. ‘हरवलेले पासवर्ड क्षणात परत मिळवून देतो’ असे सांगणारी फुकट साधने इंटरनेटवर पुष्कळ आढळतात. जे साधन तुमचे सर्व पासवर्ड वाचू शकते, ते ते दुसऱ्याकडे पाठवूही शकते. अशा नावाखाली चोरीचीच साधने वाटली जातात. तसेच फोनवर ‘मी बँकेतून बोलतो’ किंवा ‘कंपनीच्या मदत केंद्रातून बोलतो’ असे सांगून एनीडेस्कसारखे साधन बसवावयास लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तसे काही घडून पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

आणि डिस्क जर ‘फॉरमॅट’ झाली असेल तर? जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर नवे काही लिहिलेले नसेल, तर जाणकार व्यक्ती फाइली परत मिळवू शकते. अलीकडच्या एसएसडीवर मात्र पुसलेला मजकूर डिस्क स्वतःच लवकर साफ करून टाकते. तेथे आशा फारच थोडी. म्हणून संगणक तत्काळ बंद करावा आणि त्यावर काहीही नवे बसवू नये.

खरी किल्ली कोणती?

या सर्व प्रकारातून आम्हांस जे उमगले, ते असे. पासवर्ड ही खरी किल्ली नव्हेच. पासवर्ड आज हरवला तर उद्या नवा बनवता येतो. खरी किल्ली म्हणजे तो नवा बनवण्याचा अधिकार ज्या मोबाइलला आणि ज्या ई-मेलला दिलेला आहे, ती. ब्राउझरची यादी गेली तर एक दुपार जाते. नोंदलेला मोबाइल दुसऱ्याचा असेल, तर आपल्याच पेढीच्या दारात आपण परके ठरतो. रिचार्ज न केलेला क्रमांक काही काळाने बंद होतो आणि पुढे भलत्याच माणसाला दिला जातो, हेही विसरू नये. मग आपल्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

जीएसटीच्या पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल दोन्ही हाताबाहेर गेले, तर आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीचे आणि व्यवसायाचे पुरावे घेऊन जाऊन ते बदलून घ्यावे लागतात. ते होते, पण त्यात दिवस जातात, आणि २० तारीख कोणासाठी थांबत नाही. आयकराच्या पोर्टलवर आधारशी जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीने किंवा डिजिटल स्वाक्षरीने पासवर्ड नव्याने बनवता येतो. तेथेही आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे आधी पाहून ठेवलेले बरे.

म्हणून प्रत्येक वाचकाने येत्या रविवारी, पेढीला सुट्टी असताना, चार कामे करावीत.

पहिले, जीएसटी, आयकर, बँक, वीज, विमा आणि माल पुरवठादारांची पोर्टले यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोणता मोबाइल आणि कोणता ई-मेल नोंदलेला आहे ते पाहावे. तो नोकराचा, सल्लागाराचा किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचा असेल, तर बदलून मालकाचा किंवा पेढीचा करावा.

दुसरे, एक लहान बांधीव वही घ्यावी. तीत प्रत्येक खात्याचे नाव, युजरनेम आणि नोंदलेला मोबाइल व ई-मेल लिहावा. विंडोजचा पासवर्ड आणि मुख्य ई-मेलचा पासवर्ड यांचीही नोंद करून ती वही तिजोरीत ठेवावी. कागदाला आपण मागासलेला म्हणू लागलो आहोत. पण तिजोरीतील कागद परदेशातून चोरता येत नाही.

तिसरे, ज्यांना संगणकावरच नोंद हवी, त्यांनी बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखे खास पासवर्ड सांभाळणारे साधन वापरावे आणि त्याचा मुख्य पासवर्ड त्या वहीत लिहावा. ब्राउझरमधून यादी ‘एक्स्पोर्ट’ केली, तर जी फाइल तयार होते तीत सर्व पासवर्ड उघड अक्षरांत असतात, हे लक्षात ठेवावे. ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये, काम होताच पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामी करावी.

चौथे, हे सर्व घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवावे. पत्नीला, मुलाला, सुनेला, ज्यांच्यावर पुढे भार येणार आहे त्यांना. आजार आणि मृत्यू पूर्वसूचना देत नाहीत.

त्या दिवशी सायंकाळी विवरणपत्र भरून झाल्यावर शेठजी बराच वेळ त्या यादीकडे पाहत राहिले. चिरंजीव सहज म्हणाले, “मुनीमकाकांनी निदान कुठे लिहून ठेवायला हवे होते.” त्यावर शेठजी शांतपणे म्हणाले, “त्यांनी काही चुकीचे केले नाही. एकतीस वर्षे त्यांनी आपली किल्ली सांभाळली. ती कुठे आहे, हे आपणच कधी विचारले नाही.”

तेरावा झाल्यावर पितापुत्र मुनीमजींच्या घरी गेले, ते त्यांची थकबाकी, बोनसची रक्कम आणि टेबलाच्या खणात राहिलेला त्यांचा चष्मा देण्यासाठी. मोबाइल क्रमांक बदलण्याचे काम शेठजींनी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने त्याआधीच उरकले होते. त्या घरात ओटीपीचा विषय निघाला नाही.

विश्वास ही व्यापाराची मोठी पुंजी आहे. पण विश्वास ठेवणे आणि माहिती न ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसावर आपण सारे सोपवले, त्याच्या पश्चात त्याच्या घरच्यांना त्रास न होता आपले काम चालावे, अशी व्यवस्था करून ठेवणे हाही त्या विश्वासाचाच मान आहे.

पुढील अंकी, पेढीच्या हिशेबाची नक्कल कुठे आणि किती वेळा ठेवावी, याविषयी लिहू. तोवर रविवारची चार कामे विसरू नयेत.